शेडर तयार होत आहेत

संगणकावर खेळायला घेतलेल्या नव्या गेमचे पैसे परत मिळणार नाहीत, असा ऑनलाइन दुकानाचा निरोप काल रात्री आला. त्यात दिलेले कारण असे की, मी तो गेम दोन तासांहून अधिक काळ ‘खेळलो’ होतो. वस्तुतः त्यातील बहुतांश वेळ मी ‘शेडर तयार होत आहेत’ या पट्टीकडे पाहण्यात आणि उरलेला वेळ सावल्या, धुके, केस व पाण्यातील प्रतिबिंबे एकेक करून बंद करण्यात घालवला होता. नायकाला मी जेमतेम अंगण ओलांडताना पाहिले, तेही अडखळत.

या तपश्चर्येला शेजारचे काका साक्षीदार होते. ते वर्तमानपत्र परत करायला आले होते. परंतु निवृत्तीनंतर, कोठेही जेसीबी खोदताना दिसला की त्यांचे पाय थबकतात, त्यामुळे सरकणारी पट्टी पाहताच त्यांनी खुर्ची ओढली.

“किती टक्के झालं?”

“एकोणतीस.”

काकांनी चहा संपवला, चष्मा पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले. “अजून एकोणतीसच? बंद करून चालू करून बघ.”

मी त्यांना समजावले की, कोणत्या पृष्ठभागावर प्रकाश कसा पडावा हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. प्लेस्टेशनचे यंत्र ठरलेले असल्याने ते आधीच तयार करून देता येतात. संगणकांत मात्र प्रत्येकाचे कार्ड व ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, वेगळे, म्हणून हे काम ज्याच्या त्याच्या घरी करावे लागते, आणि आधी उरकले नाही तर ऐन लढाईत चित्र गचके खाते.

“म्हणजे पैसे जेवणाचे घेतले आणि हातात तांदूळ दिले,” काका म्हणाले. “आणि ड्रायव्हर नवा आला की?”

“बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून.”

काकांनी माझ्याकडे प्रथमच करुणेने पाहिले. मग म्हणाले, “पण तू कॉम्प्युटरच हलका घेतलास रे.”

हे मात्र झोंबले. २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ या गेमचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनीही ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे गेम संगणकावर सुरळीत चालेल असा घडवण्याच्या, प्रश्नावर, तुम्हाला संगणक अद्ययावत करावा लागेल, अशाच आशयाचे उत्तर दिले होते, तेव्हा काकांचे मत अगदीच एकाकी नाही. परंतु त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमचा पहिला भाग संगणकावर आला, तेव्हा आठ जीबी मेमरीच्या कार्डांवर भिंतींचे पोत चिखल फासल्यासारखे दिसत होते, आणि पुढच्या पॅचांनी, म्हणजे गेममधल्या दुरुस्त्यांनी, त्याच कार्डांवरचे चित्र सुधारले. कार्डे तर कोणी बदलली नव्हती! २०१६ चा ‘डूम’ हा गेम साध्या कार्डांवरही सुसाट धावत असे, म्हणजे कसब अस्तित्वात आहे. ते वापरायला लागणारा वेळ आता आमच्याकडून, खरेदीनंतर, वसूल केला जातो.

‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ या गेमसाठी कसा संगणक हवा याच्या शिफारशीत तर, १०८०पी रिझोल्यूशनवर सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळतील, पण फ्रेम जनरेशन चालू ठेवून, असे स्वच्छ लिहिले होते, म्हणजे त्यांतल्या काही फ्रेम गेमने काढायच्या आणि मधल्या फ्रेम कार्डाने कल्पनेने भरायच्या. मी एक सोडून एक नोट मोजून दिली आणि मधल्या नोटा दुकानाने कल्पाव्यात असे सुचवले, तर मात्र व्यवहार पूर्ण होणार नाही.