पडद्याला कूर्चा लावली म्हणून कान बहिरा होत नाही

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: 'कानाच्या पडद्याला कूर्चा लावू देऊ नका. ती जाड असते, आवाज आत जात नाही. शरीर ती बाहेर टाकतं, कानही वाकडा होतो. त्यापेक्षा लसणाचं कोमट तेल घाला, पडदा आपोआप भरतो.' कूर्चा म्हणजे कानाला आकार देणारा, हाडासारखा पण लवचीक भाग. पडद्याला पडलेलं भोक बुजवायला ऑपरेशनमध्ये तिचा तुकडा लावतात. पंचवटीतल्या ओळखीच्या एका मावशींनी हे वाचून ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. त्यांचा कान अजून वाहतोय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी जाडीचं बघू. कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला जो छोटा उंचवटा आहे, तो बोटाने दाबून बघा. दबतो आणि सोडला की पुन्हा उभा राहतो. पडद्यासाठी बऱ्याचदा इथलीच कूर्चा घेतात. मूळ पडदा जेमतेम 0.1 मिलिमीटरचा आणि ही साधारण 1 मिलिमीटरची, हे खरं. पण पुष्कळदा ती तासून 0.5 मिलिमीटरच्या आसपास आणतात, नाहीतर तिच्या बारीक पट्ट्या शेजारी शेजारी लावतात. कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण लावलेले रुग्ण आणि कूर्चा लावलेले रुग्ण, यांच्या ऐकण्याची तुलना अनेकदा झाली आहे. सरासरीत फारसा फरक आढळत नाही. ऑपरेशननंतरही कमी ऐकू येत असेल, तर आतल्या हाडांची साखळी झिजलेली आहे का, तेही बघावं लागतं. वर्षानुवर्षं वाहिलेल्या कानात ती झिजते.

मग कूर्चाच का? नाकामागून कानाकडे जाणारी नळी नीट चालत नसेल, तर पडद्याआडचा हवेचा दाब कमी होतो आणि नवा पडदा आत ओढला जातो. पातळ आवरण तिथे हार मानतं, कूर्चा तग धरते. मोठं भोक असेल किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तरी तिचाच आधार घेतात.

शरीर ती बाहेर टाकत नाही, कारण ती आपलीच असते. जंतुसंसर्गाने ऑपरेशन फसू शकतं, पण ती वेगळी गोष्ट. कूर्चा घेताना कडेचा भाग राखतात, त्यामुळे कानाचा आकार सहसा टिकतो.

कूर्चेची खरी अडचण संदेशात नाहीच. ती अपारदर्शक असते. पडद्याआड त्वचेची गाठ वाढून तिने हाडं पोखरली असतील, तर ती गाठ पुन्हा वाढली का, हे पडद्यातून दिसत नाही. 'मग तपासणी कशी करणार?' हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता तेल. थप्पड बसून किंवा कान कोरताना पडलेलं लहान भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपणहून भरतं. त्या दिवसांत तेल घातलं असेल, तर श्रेय तेलाला जातं. वर्षानुवर्षं वाहणारं भोक तेलाने भरत नाही, उलट ओल राहून संसर्ग वाढतो.

2027च्या सिंहस्थात रामकुंडावर जाणाऱ्यांनी एवढं पाळावं: पडद्याला भोक असेल तर डोकं बुडवू नका. अंघोळीलाही व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा. ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत हेच.