बिलाचं काय घेऊन बसलात!

आमच्या नागपूरच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकाच विषयाचा खल चाललाय. मामेबहिणीची मुलगी एका स्थळाला धरमपेठेतल्या कॅफेत भेटली. घरच्यांच्या परवानगीनं, पण घरच्यांशिवाय. कॉफी झाली, गप्पा झाल्या आणि मुलानं बिल अर्धं-अर्धं करून तिला यूपीआयचा क्यूआर दाखवला. "काऊन गं, पैसे मागून राहिला म्हणजे कंजूसच ना पोट्टा?" इति मामी. तरुण मंडळींचं म्हणणं, बरोबरीचं नातं हवं तर बिलही बरोबरीनं भरा. मी म्युनिकला असते म्हणून माझं मत मागवण्यात आलं. परदेशात राहिलं की माणूस आपोआप डेटिंगमधला जाणकार होतो, अशी आपल्याकडे समजूत आहे.

तर इथं वेटर जाडजूड पाकीट घेऊन टेबलाशी येतो आणि विचारतो, एकत्र की वेगवेगळं? वेगवेगळं म्हटलं की ज्यानं जे घेतलं त्याची बेरीज तिथंच करतो. कोणाची मान खाली जात नाही. कितीतरी जण पहिल्या भेटीत हॉटेलात जातच नाहीत, इसार नदीच्या काठानं तासभर चालतात. (हे नागपुरात करू नका. मे महिन्यात 45 डिग्रीला फुटाळा तलावावर बोलावलंत, तर छाप पडायच्या आधी माणूस पडेल.)

खरा फरक मला दिसतो तो नकारात. इथं दुसऱ्या दिवशी मेसेज येतो: भेटून छान वाटलं, पण पुढे जायला नको. लागतं मनाला. काही जण तेवढंही कळवत नाहीत, गायबच होतात. पण जे काय होतं ते दोघांत राहतं. आपल्याकडे नकार मुलीच्या आईकडून मध्यस्थ काकूंकडे जातो, तिथून मुलाच्या आईकडे, आणि वाटेत त्याला "मुलीचे फार नखरे आहेत बाप्पा" असं शेपूट फुटतं. पुढच्या लग्नात त्याच काकू समोरच्या पंगतीत बसलेल्या असतात. मग कॅफेत बसलेली ती दोघं एकमेकांवर कुठली छाप पाडणार? त्यांचं सगळं लक्ष घरी फोनकडे डोळे लावून बसलेल्यांकडे.

म्हणून माझ्या मते या मुलाचे मार्क बिलावर ठरवूच नयेत. त्यानं जागा निवडली ती शंकरनगर मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. भाचीला त्याच्या गाडीवर बसावं लागलं नाही. सीताबर्डीला मेट्रो बदलून ती आपली आपण जयप्रकाशनगरला उतरली. पाऊण तासच बसू, हे त्यानं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे नको वाटलं असतं तरी सुटका ठरलेली होती. आणि सातची वेळ देऊन तो साताला आला. नागपुरात ही बातमी आहे. ग्रुपवर यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही.

खटकलं ते वेगळंच. कॉफी यायच्या आत त्यानं विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडून पुण्याला येशील का? यावर ग्रुपवर कोणाचीच हरकत नाही! तरी मी त्याला पूर्ण दोष देणार नाही. इथली माझी एक मैत्रीण कित्येक महिने एकाला भेटतेय. त्याला लग्न करायचंय की नाही हे विचारायची तिची अजून छाती होत नाही. आपल्याकडचा थेटपणा मला जास्त बरा वाटतो. फक्त आधी कॉफी येऊ द्यावी, आणि "तू येशील का" बरोबर "मी नागपूरला राहू शकतो का" हेही विचारात घ्यावं.

रात्री "घरी पोचलीस का?" असा त्याचा मेसेज आला होता म्हणे. इथं असं मला तरी फारसं कोणी विचारलेलं नाही.

भाचीचं अजून ठरत नाहीये. पण होकार असो की नकार, आधी मुलाला स्वतः कळवायचं आणि काकूंना नंतर, एवढं तिनं पक्कं केलंय. मामी त्यावर बिलापेक्षा जास्त भडकल्या आहेत.