'जमीन दिली, तरी विरोध का?'

या लेखाचा सूर असा, की नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात जमीन बुडालेल्या आदिवासींना पाच एकर मिळाले, मग विरोध राजकीयच. पाच एकर कोणाला मिळतात, ते आधी पाहा. नर्मदेच्या पाण्यावरचा राज्यांमधला तंटा सोडवणाऱ्या लवादाच्या 1979 च्या निवाड्यानुसार, ज्या खातेदाराची 25 टक्क्यांहून जास्त जमीन बुडते त्याला किमान 2 हेक्टर, म्हणजे हेच पाच एकर. सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब. कागदावर उत्तम. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली बरीच शेती वनखात्याच्या नावावर होती. सातबारा नाही म्हणजे खातेदार नाही, उलट 'अतिक्रमणदार'. घोळ इथूनच.

दुसरी गोष्ट, बुडिताची रेषा समतल पातळीवरून आखतात. डोंगरउतारावर खालचं शेत आणि पायवाट बुडते, वरचं घर कोरडं राहतं. पंचनाम्यात ते घर 'बाधित नाही', प्रत्यक्षात मात्र चहूबाजूंनी पाणी, म्हणजे बेटच! रेशन आणायचं ते होडीनेच. शिवाय पुरात धरणाच्या वरच्या अंगाला पाणी फुगतं, त्यामुळे भिंतीजवळची पातळी सगळीकडे लावून चालत नाही.

नदीकाठची गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेलं पीक), मासे, डिंक, मोहफुलं यांची नोंद तर कुठल्याच उताऱ्यावर नसते. मोबदला बसणार कशावर?

महाराष्ट्राला धरणाच्या 1450 मेगावॅटमधली 27 टक्के वीज मिळते, हे लेखात ठळक आहे. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली गाव 1993 पासून बुडू लागलं, हेही तिथे यायला हवं होतं. लवादाची अट होती, पुनर्वसन आधी, पाणी नंतर.