गोल मनोरे व्हायकिंगांच्या भीतीने उभे राहिले नाहीत

आयर्लंडमधल्या ग्लेंडालॉख या जुन्या मठातल्या गोल मनोऱ्याचा फोटो आणि खाली चार ओळी, असा एक मजकूर आयर्लंडला जाऊन आलेल्यांच्या आणि जायच्या तयारीत असलेल्यांच्या ग्रुपांवर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातून जहाजांनी येणारे लुटारू, आले की भिक्षू या मनोऱ्यात शिरायचे, शिडी वर ओढून घ्यायचे आणि वाचायचे, दार त्यासाठीच इतक्या उंचावर आहे. तरीही व्हायकिंगांनी देशातले सगळे मठ उद्ध्वस्त केले आणि आज दिसतात ते त्याचेच अवशेष. शेवटी १०१४ मध्ये राजा ब्रायन बोरूने त्यांना हाकलून दिलं.

गोष्ट झकास आहे. पण तिचा एकेक दुवा तपासायला घेतला की ती टिकत नाही. आणि ती डोक्यात घेऊन कॅमेरा रोखला, तर समोरच्या दगडांत जे खरोखर आहे ते निसटून जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘व्हायकिंगांपासून वाचायला मनोरे बांधले.’ आधी सनावळी पाहा. आयर्लंडवरचा व्हायकिंगांचा पहिला नोंदलेला हल्ला ७९५ चा. मनोरे बांधायला सुरुवात झाली दहाव्या शतकात, आणि आज उभे आहेत त्यातले बरेचसे अकराव्या-बाराव्या शतकातले. क्लॉनमॅकनॉइज या मठाचा मोठा मनोरा पूर्ण झाला ११२४ मध्ये. तोवर डब्लिनचे व्हायकिंग ख्रिस्ती होऊन आयरिश राजघराण्यांशी सोयरिकी करून बसले होते. पुढे अकरा वर्षांनी त्या मनोऱ्याचा माथा कोसळला, तो वीज पडून. मठांच्या जुन्या इतिवृत्तांत या वास्तूंना सरळ ‘घंटाघर’ म्हटलेलं आहे, आणि बहुतेकांच्या सगळ्यात वरच्या मजल्याला चार दिशांना चार खिडक्या आहेत. त्या घंटेचा आवाज शेतांपर्यंत जावा म्हणून. एकोणिसाव्या शतकात यांना अग्निमंदिरं, बौद्ध मंदिरं, लिंगपूजेची स्थानं ठरवणारेही होते. आयर्लंडच्या जुन्या राजांचं पीठ असलेल्या ताराच्या टेकडीवरच्या लिया फॉल या शिळेला शिवलिंग ठरवणारे मजकूर आपल्याकडे फिरतात, त्याच जातीची ही कल्पना. जॉर्ज पेट्री यांनी १८४५ मध्ये छापलेल्या प्रबंधात मनोऱ्यांचं चर्चशी असलेलं नातं पुराव्यांनिशी मांडलं आणि तो वाद जवळजवळ मिटला.

‘दार उंचावर, म्हणजे संरक्षणासाठी.’ मग स्कॅटरी बेटावरच्या मनोऱ्याचं दार जमिनीलगत का? क्लॉनमॅकनॉइजमधल्याच दुसऱ्या, धाकट्या मनोऱ्यातही माणूस जमिनीवरून सरळ आत जातो. उंच दाराचं मोठं कारण बांधकामात आहे. या मनोऱ्यांचे पाये आश्चर्य वाटावं इतके उथळ असतात. किलमॅकडुआचा मनोरा सुमारे ३४ मीटर उंच आणि दार सात मीटरहून वर, पण पाया मीटरभरसुद्धा खोल नाही. आज तो अर्ध्या मीटरहून जास्त कललेला आहे. अशा नळकांड्याच्या बुडाशीच दारासाठी भगदाड पाडलं तर ते उभं राहणं कठीण. म्हणून बूड भरीव ठेवायचं आणि दार वर काढायचं. शिवाय हे दार सहसा मुख्य चर्चच्या पश्चिम दाराकडे तोंड करून असतं. लपायच्या जागेला इतकं मानाचं, समोरासमोरचं दार कोण ठेवेल? फोटो काढणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. मनोरा चर्चच्या पश्चिमेला, म्हणजे बऱ्याच ठिकाणी दारावर सकाळचं ऊन येतं. दुपारनंतर गेलात तर चौकटीचं कोरीवकाम सावलीत सपाट होतं.

‘शिडी वर ओढली की सुरक्षित.’ आतले मजले लाकडी, जिने लाकडी, आणि वरच्या खिडक्या उघड्या. खालून पेटवलं की मनोऱ्याचं धुराडं होतं. मनोऱ्याचा इतिवृत्तांतला पहिला उल्लेख नेमका हाच आहे: ९५० मध्ये स्लेनचं घंटाघर डब्लिनच्या परकीयांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, जाळलं, आणि आत संस्थापक संताचा दंड, एक उत्तम घंटा आणि बरीच माणसं जळाली. १०९७ मध्ये मोनास्टरबॉइसचा मनोरा पुस्तकांसह आणि मौल्यवान वस्तूंसह जळाला. अडचणीत माणसं या मनोऱ्यांत शिरली, हे खरंच आहे. उंच, दगडी, जवळची जागा, दुसरीकडे जाणार कुठे? पण १०७६ मध्ये केल्सच्या मनोऱ्यात मारला गेलेला राजा, ताराच्या गादीवर येऊन जेमतेम तीन दिवस झालेला, आयरिश होता आणि त्याला मारणाराही आयरिशच होता.

यावरून सगळ्यात मोठ्या गैरसमजाकडे येऊ: ‘आज दिसतात ते व्हायकिंगांनी केलेले भग्नावशेष.’ व्हायकिंगांना निर्दोष ठरवायचा माझा हेतू नाही. ८२१ मध्ये त्यांनी हाउथवर धाड घालून मोठ्या संख्येने बायका पळवून नेल्या, आणि पुढे डब्लिन गुलामांच्या बाजारासाठी ओळखलं गेलं. पण नवव्या शतकात जी चर्च जळाली त्यातली बरीचशी लाकडी होती. त्यांचे अवशेष जमिनीवर नाहीत, ती मातीत गेली. फोटोत येतात ती दगडी कमानींची, उंच खिडक्यांची मठघरं: मेलिफाँट ११४२ चं, मक्रॉस १४४८ चं. व्हायकिंग युग संपल्यावर बांधलेली वास्तू व्हायकिंगांनी पाडली कशी?

आणि मठ लुटायला आयरिश राजे व्हायकिंगांची वाट पाहत बसले नव्हते. ७६४ मध्ये क्लॉनमॅकनॉइज आणि डरो या दोन मठांत लढाई झाली आणि डरोची दोनशे माणसं पडली. पहिलं व्हायकिंग जहाज यायला तेव्हा एकतीस वर्षं बाकी होती. ८३३ मध्ये मन्स्टरचा राजा फेलिम याने क्लॉनमॅकनॉइजची माणसं मारली आणि वस्ती चर्चच्या दारापर्यंत जाळली. हा राजा स्वतः धर्मपुरुष म्हणवून घेणारा!

शेवटचा घाव तर फार नंतरचा. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३६ पासून मठ बरखास्त करायला घेतले. १५५२ मध्ये अ‍ॅथलोनच्या इंग्रज शिबंदीने क्लॉनमॅकनॉइज असं धुऊन नेलं की एकही घंटा, मूर्ती, वेदी, पुस्तक, खिडकीतली काचसुद्धा मागे राहिली नाही, असं इतिवृत्त सांगतं. कॅशेलच्या कॅथेड्रलवर १६४७ मध्ये कत्तल झाली, आणि त्या कॅथेड्रलचं छप्पर १७४९ च्या सुमारास खुद्द आर्चबिशपने उतरवलं. त्या उघड्या भिंतींतून दिसणाऱ्या आभाळाच्या फोटोखाली ‘व्हायकिंगांचा कहर’ लिहिणं मला सहन होत नाही.

‘१०१४ मध्ये ब्रायन बोरूने त्यांना हाकललं.’ १०१४ च्या क्लॉनटार्फच्या लढाईत ब्रायनच्या विरुद्ध लेन्स्टरचा आयरिश राजा माल मोर्डा आणि डब्लिनचा व्हायकिंग राजा सिट्रिक एका बाजूला होते. ब्रायन मारला गेला. सिट्रिक मात्र त्यानंतरही वीसेक वर्षं डब्लिनच्या गादीवर राहिला, १०२८ मध्ये रोमच्या यात्रेला गेला आणि परतल्यावर क्राइस्ट चर्च कॅथेड्रलची स्थापना केली. आयर्लंडमधली पहिली नाणीही त्याचीच, ९९७ च्या सुमाराची. १०४२ मध्ये डब्लिन परिसरातल्या ओकपासून बांधलेलं लांब युद्धजहाज डेन्मार्कच्या रोस्किल्ड खाडीत सापडलं. हाकललेल्या लोकांची ही लक्षणं नव्हेत.

मग व्हायकिंगांचा वारसा पाहायचा कुठे? ओसाड माळावर नाही, डब्लिन शहराच्या पोटात. वुड की आणि फिशॅम्बल स्ट्रीटच्या उत्खननात कुडाच्या भिंतींची, गोलसर कोपऱ्यांची, मधोमध चूल असलेली घरं निघाली. ओल्या मातीने विणलेल्या काठ्यासुद्धा जपल्या होत्या. तिथे महापालिकेच्या कचेऱ्या बांधू नयेत म्हणून १९७८ मध्ये सुमारे २०,००० लोक रस्त्यावर उतरले. कचेऱ्या तरीही झाल्या. सापडलेल्या वस्तू किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. चामड्याचे जोडे, वजनं, आणि कारागिराने नक्षीचा सराव केलेली हाडं. या हाडांसमोर वेळ काढा. एका तुकड्यावर वेटोळं जमेपर्यंत केलेले प्रयत्न शेजारी शेजारी दिसतात.

आणि एकच फोटो काढायचा असेल तर किलालूला जा. सेंट फ्लॅनन कॅथेड्रलमध्ये साधारण १००० सालचा एक दगड आहे. त्यावर व्हायकिंगांच्या रुन लिपीत लिहिलंय की हा क्रूस थोरग्रिमने कोरला, आणि त्याच दगडावर आयरिश ओघम लिपीत थोरग्रिमसाठी आशीर्वाद मागितलाय. फ्लॅश समोरून मारू नका, रेघा बुजून जातात. बाजूने तिरका उजेड पडला की दोन्ही लिप्या वाचता येतात.