‘निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी शाळा खुल्या झाल्या’ हे धादांत खोटं आहे

भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं भाषण वाचायला दिलं. त्यात होतं: “१९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला आणि दुसऱ्या दिवसापासून काळी-गोरी मुलं एका बाकावर बसू लागली. विरोध केला तो अडाणी जमावाने, आमदारांनी कायदा पाळला. एकाही मुलाचं शिक्षण बुडलं नाही.” कुठून घेतलंस विचारलं तर म्हणाली, “मामा, नानाकाकांनी ग्रुपवर टाकलं होतं.”

दुसरा दिवस? अंमलबजावणी कशी करायची हे कोर्टाने सांगितलं तेच मुळी मे १९५५ मध्ये, तेही तारीख न घालता. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरमध्ये १९५४च्या सप्टेंबरातच सुरुवात झाली, एवढं मान्य. पण दोन शहरं म्हणजे अमेरिका नव्हे.

आमदारांचं म्हणाल तर व्हर्जिनिया राज्याचे गव्हर्नर थॉमस स्टॅन्ली यांनी ऑगस्ट १९५६ मध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं, ते हा निकाल अडवायलाच. गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मूल आलं की शाळा बंद, सरकारी पैसा बंद, असे कायदे महिनाभरात मंजूर झाले. जमाव नव्हता तो, निवडून आलेली माणसं होती.

आणि ‘एकाही मुलाचं शिक्षण बुडलं नाही’? हे वाचून माझं डोकंच फिरलं. त्याच कायद्यांखाली सप्टेंबर १९५८ मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल आणि नॉरफोकमधल्या नऊ शाळांना कुलूप लागलं, सुमारे तेरा हजार मुलं घरी बसली. जानेवारी १९५९ मध्ये कोर्टांनी ते कायदे रद्द केले, तर त्याच राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाने) शाळांसाठीचा करच बसवला नाही आणि सगळ्या सरकारी शाळा बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी लगेच खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलं १९५९ ते १९६३ औपचारिक शिक्षणाविना राहिली, हे सुप्रीम कोर्टाच्या १९६४च्या निकालपत्रातच लिहिलंय. कुणाला नातेवाइकांकडे परगावी धाडलं, कुणी घरीच राहिलं. सहा वर्षांचं पोर दहाचं झालं, तरी त्याने वर्ग पाहिलेला नव्हता.

याच काउंटीत १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुलांना वर्गाबाहेर काढून संप केला होता. शाळेत जागा नव्हती, म्हणून डांबरी कागदाच्या खोपटांत वर्ग भरत. त्या संपातून उभा राहिलेला खटला १९५४च्या निकालात आहे. ज्या गावच्या मुलांनी निकाल मिळवला, त्यांच्याच धाकट्या भावंडांची शाळा गेली.

नानाकाका, मेसेज खोटा आहे असं ग्रुपवर तुम्हीच लिहा. पोरं त्यावरून भाषणं लिहितायत.