'डेटा चुकीचा, लॉगिन बंद, आणि हेच फुकट मिळतं' या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. मी हा डिजिटल नकाशांचा डेटा विद्यापीठांना ऑनलाइन पुरवायचा धंदा चालवतो. रिव्ह्यूला तेवढं 'आम्ही लक्ष घालू' टाइप उत्तर चिकटवून मोकळं व्हायचं नाहीये, कारण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून उद्या दुसरा विद्यार्थी आपल्या थिसिसमधले आकडे उगाच बदलत बसेल. म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमची मुख्य तक्रार अशी की आमच्या डेटातल्या तलावाचं क्षेत्रफळ सरकारी नोंदीपेक्षा जवळजवळ १२ टक्के जास्त येतंय, म्हणजे 'डेटा बोगस'. तुम्ही स्क्रीनशॉट जोडलात ते फार बरं केलंत, नाहीतर आम्ही अंधारात चाचपडत बसलो असतो. त्यात लेयरवर (नकाशातला माहितीचा एक थर) माउस नेल्यावर जी छोटी पट्टी येते ना, तिथे ईपीएसजी ३८५७ (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायच्या एका पद्धतीचा क्रमांक) असं स्पष्ट दिसतंय. ते आम्ही दिलेलं नाही. आम्ही लेयर यूटीएममध्ये (पृथ्वीचे अरुंद पट्टे करून मीटरमध्ये मोजायची पद्धत) देतो, तुम्ही मागे बॅकग्राउंडचा वेब नकाशा लावलात आणि त्याच्याशी जुळावं म्हणून लेयर ३८५७ मध्ये सेव्ह केलात, आणि मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एरिया ऑफ जॉमेट्री हे सूत्र वापरून क्षेत्रफळ काढलंत. आता ३८५७ म्हणजे वेब मर्केटर, मोबाइलवर बोटाने सरकवायच्या नकाशांसाठी एकदम झकास, पण त्यात विषुववृत्तापासून जसजसं लांब जाल तसतसं सगळं फुगत जातं. लांबी फुगते १ भागिले कोसाइन अक्षांश एवढी, आणि क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने. तुमचा तलाव १९ अंशाच्या आसपास आहे, तिथे हा हिशोब करून बघा, १.११९ च्या जवळपास येतो, म्हणजे तुमचे ते १२ टक्के! ४५ अंशावर हाच तलाव दुप्पट झाला असता आणि ६० अंशावर चौपट. खरं सांगू का, तिथे असता तर बरं झालं असतं, दुप्पट आकडा बघून कुणालाही शंका येते. १२ टक्के हा फार वाईट आकडा आहे, तो खरा वाटण्याइतका लहान असतो आणि निष्कर्ष बिघडवण्याइतका मोठा.

उपाय दोन मिनिटांचा आहे. मूळ यूटीएमवाला लेयर परत उघडा आणि त्याच्यावर मोजा, यूटीएममध्येही थोडा फरक असतोच (मध्य रेखांशावर स्केल ०.९९९६ धरलेलं असतं) पण तो एका टक्क्याच्याही खूप खाली आहे. किंवा क्यूजीआयएसमध्ये डॉलर चिन्ह लावलेलं एरिया वापरा, ते प्रोजेक्टमध्ये सेट केलेला एलिप्सॉइड (पृथ्वीचा किंचित चपटा गोल आकार) धरून हिशोब करतं, एरिया ऑफ जॉमेट्री मात्र सपाट कागदावर मोजल्यासारखं लेयरच्या सीआरएसमध्ये (त्याला लावलेल्या यूटीएम किंवा ३८५७ सारख्या पद्धतीत) मोजतं. नावं इतकी सारखी की शिकवणारेही गोंधळतात, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही, पण खापर डेटावर फोडू नका.

दुसरं, 'कॉलमची नावं अर्धवट तोडलेली आहेत, बेजबाबदारपणा'. आम्ही जिओपॅकेज या फॉरमॅटमध्ये फाइल देतो, त्यात नावं पूर्ण आहेत, आत्ता परत उघडून बघितली. तुम्ही ते शेपफाईलमध्ये एक्सपोर्ट केलंत. शेपफाईल हा १९९० च्या दशकातला फॉरमॅट आहे, त्यातलं कोष्टक डीबीएफमध्ये असतं आणि तिथे कॉलमच्या नावाला १० बाइटच मिळतात, त्यापुढचं कापलं जातं. इंग्रजी असेल तर १० अक्षरं तरी बसतात, यूटीएफ ८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ३ चिन्हं. काना मात्रा सुद्धा त्यात मोजल्या जातात बरं का. शिवाय मित्राला पेनड्राइव्हवर देताना शेपफाईलमधली नुसती एसएचपी फाइल दिली आणि तिच्या जोडीच्या एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे मागे राहिल्या की मित्राचा नकाशा कुठल्या कुठे जाऊन पडतो आणि माहितीचं कोष्टक गायब. गाइडने शेपफाईलच मागितली असेल तर नाइलाज आहे, पण मग चारही फाइली झिप करून द्या.

आता लॉगिन. 'मी विद्यार्थी असून मला पात्र नाही म्हणतात.' इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, तुमचा पासवर्ड आमच्यापर्यंत येतच नाही. तुम्ही विद्यापीठाच्या लॉगिन पानावर जाता, तिथून आम्हाला फक्त एवढं कळवलं जातं की ही व्यक्ती अमुक संस्थेची आहे आणि तिचं नातं काय, विद्यार्थी, स्टाफ, प्राध्यापक, माजी विद्यार्थी वगैरे. लायब्ररीत नुसता येऊन बसलेला वाचक यासाठीसुद्धा त्यात वेगळी नोंद आहे, खरंच. तुमच्या बाबतीत विद्यापीठाकडून 'विद्यार्थी' असं येत नाहीये. हे बहुतेक वेळा एमए संपून पीएचडीचं रजिस्ट्रेशन व्हायच्या मधल्या काळात होतं, जुनं खातं माजीमध्ये गेलेलं असतं आणि नवं अजून चालू झालेलं नसतं. ते आम्ही आमच्या बाजूने ओढूनताणून चालू करू शकत नाही, आणि करूही नये, कारण ज्यांचा डेटा आम्ही पुरवतो त्यांच्याशी करारच असा आहे की शिकणाऱ्या शिकवणाऱ्यांनाच द्यायचा. विद्यापीठाच्या आयटी विभागाला सांगा की 'अ‍ॅफिलिएशन' (म्हणजे संस्थेशी असलेलं नातं) तपासा, हाच शब्द वापरा, नाहीतर ते पासवर्ड रीसेट करून देतील आणि तुम्ही परत तिथेच.

डाउनलोडच्या मर्यादेवरून तुम्ही 'कंजूषपणा' म्हणालात. हसू आलं, पण हिशोब सांगतो. १ मीटरचं उंचीचं ग्रिड १०० किलोमीटर बाय १०० किलोमीटर घेतलं तर १००० कोटी खाने होतात, एका खान्याला ४ बाइट धरले तर न दाबलेला डेटा ४० जीबी! तो तुमच्या लॅपटॉपवर उघडणार कुठे? १० बाय १० किलोमीटरचा तुकडा ४०० एमबीचा होतो, म्हणून तुकड्यांत देतो. एखाद्याला खरंच सगळं लागतं, तेव्हा गाइडमार्फत विनंती आली की आम्ही वेगळं काढून देतो, त्यासाठी फॉर्म आहे, तुम्ही भरलेला दिसत नाही.

'हेच फुकट मिळतं' याच्यावर मी भांडणार नाही, कारण अर्धं खरं आहे. लोकांनी मिळून बनवलेला ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून आहे, आम्ही स्वतः वापरतो. लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पासून फुकट आहेत, सेंटिनेल २ तर १० मीटरपर्यंत देतं. तुमच्या विषयाला तेवढं पुरत असेल तर आमच्याकडे येऊच नका, मी गंभीरपणे सांगतोय, आमच्या ट्रेनिंगमध्येही हेच सांगतो. पण तुमचा विषय रिव्ह्यूवरून शहरातलं पूराचं पाणी असा दिसतोय, आणि तुम्ही तुलना करताय एसआरटीएम या फुकट मिळणाऱ्या उंचीच्या डेटाशी. ती उंची फेब्रुवारी २००० मध्ये शटलमधून ११ दिवसांत रडारने मोजली, साधारण ३० मीटरचा एक खाना, आणि त्यात इमारतींची छपरं आणि झाडांचे शेंडे बऱ्यापैकी मिसळलेले. ३० मीटरच्या खान्यात अख्खी गल्ली, दोन्ही बाजूची घरं आणि गटार एकाच आकड्यात. मग तुमच्या मॉडेलमध्ये पाणी छपरावरून वाहणार आणि व्हायव्हाला तुम्हालाच विचारणार. लिडारमधून (लेझरने केलेल्या मोजणीतून) घरं झाडं काढून टाकलेली जमिनीची उंची वेगळी आणि ती फुकट सगळीकडे मिळत नाही, म्हणून तर विद्यापीठं आमच्याकडून घेतात.

'नवा रस्ता दाखवत नाही' याचं एवढंच, प्रत्येक लेयरला सर्वेक्षणाची तारीख आणि प्रकाशनाची तारीख अशा दोन तारखा असतात, मेटाडेटात (डेटाबद्दलच्या माहितीत) बघा, तुम्ही जुनी आवृत्ती उतरवली आहे. जुन्या आवृत्त्या आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण तुमच्या आधीच्या विद्यार्थ्याने जो डेटा वापरून निष्कर्ष काढला तो कुणाला परत तपासायचा असेल तर तोच डेटा हवा, आजचा नाही. नवी आवृत्ती त्याच यादीत वर आहे.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय की डिग्री झाल्यावर काय. थिसिसमध्ये छापलेला नकाशा तसाच राहतो, विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात गेला तरी चालतो, खाली श्रेय लिहिलेलं असलं की झालं. मूळ डेटा मात्र कुठे अपलोड करायचा नाही, आणि नोकरी लागली की ऑफिसच्या कामाला वापरायचा नाही. गाइडचा एखाद्या कंपनीसाठी पैसे घेऊन प्रोजेक्ट चालू असेल तर तोही 'शिक्षण' मध्ये मोडत नाही, त्याची परवानगी वेगळी, हे प्राध्यापकांनाही सांगा कारण जास्त घोळ तिकडूनच होतात.

तलावाचा लेयर यूटीएममध्ये परत मोजून बघा. तरीही आकडा जुळला नाही तर डाउनलोडचा जॉब नंबर आणि लेयरचं नाव आमच्या हेल्पडेस्कला पाठवा, नंबर इथे पब्लिकमध्ये टाकू नका. नोंदीतलं क्षेत्रफळ कुठल्या पाणीपातळीला मोजलंय तेही सोबत कळवा, पूर्ण भरलेला तलाव आणि उन्हाळ्यातला तलाव एक नसतो, तो फरक आम्ही इथे बसून ओळखू शकत नाही.