पोर्तुगालने खरंच गावं पुसली का?

‘पोर्तुगालने २०१३ साली अकराशेहून जास्त चर्च-पॅरिश एका फटक्यात बंद केल्या, गावं नकाशावरून पुसली आणि पैसा वाचवला, आपल्या ग्रामपंचायतींचंही तेच करा.’ हा मेसेज आठवड्यात चौथ्यांदा आला, म्हणून लिहितोय.

आधी ‘चर्च’. मेसेजमधली ‘चर्च-पॅरिश’ म्हणजे फ्रेगेझिया, पोर्तुगालमधली सर्वात खालची स्थानिक संस्था. तिची मुळं चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या परिसरात, आहेत हे खरं, पण तिचा कारभार पाद्री बघत नाही. १९१६ पासून कायद्यात तिचं नावही ‘पॅरिश’ऐवजी ‘फ्रेगेझिया’ आहे. लोक अस्सेंब्लेया, म्हणजे प्रतिनिधींची सभा, निवडतात आणि सर्वाधिक मतं मिळवलेल्या यादीतला पहिला उमेदवार झुंताचा, म्हणजे कार्यकारी मंडळाचा, अध्यक्ष होतो. दीडशे किंवा त्याहून कमी मतदार असतील तर अस्सेंब्लेयाच नसते, सगळे मतदार एकत्र बसतात. चक्क ग्रामसभाच की! (गोव्यातल्या जुन्या मंडळींना आठवणारा रेजिदोर, म्हणजे पोर्तुगीज काळातला गावपातळीचा अधिकारी, मात्र वरून नेमलेला असे.)

गावं पुसली? लिस्बनचं कास्तेलु बघा. साव जॉर्ज किल्ल्याच्या तटाच्या आत वसलेली, चारशेच्या आत वस्तीची फ्रेगेझिया. ती आणि शेजारच्या अकरा मिळून सांता मारिया मायोर झाली. गल्ल्या, चर्च, माणसं तिथेच राहिली, हरवली ती स्वतःची झुंता. हे नुकसान छोटं नाही. रहिवासाचा दाखला झुंताच देते. तिथल्या सदस्यांना तुम्ही माहीत नसाल, तर त्याच फ्रेगेझियातल्या दोन मतदारांची साक्ष चालते. ओळखीवर चालणारं काम आहे हे.

राहिला पैसा. २०११ मध्ये संकटातल्या पोर्तुगालला कर्ज देणाऱ्यांनी (युरोपीय संघ, आयएमएफ वगैरे) ३०८ नगरपालिका आणि ४,२५९ फ्रेगेझिया दोन्ही कमी करा म्हणून सांगितलं होतं. नगरपालिका आजही ३०८ आहेत. कात्री चालली ती ज्यांचा सरकारी खर्चातला वाटा मुळात किरकोळ, त्यांच्यावर. लिस्बनमध्ये तर ५३ च्या २४ करताना झुंतांकडे रस्तेसफाई, बागा अशी जास्त कामं आणि त्यासाठी जास्त पैसाही दिला गेला.

आणि मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा पुढचं ठाऊकच नाही. २०२५ मध्ये संसदेने १३५ एकत्रीकरणं मोडून ३०२ फ्रेगेझिया परत आणल्या. राष्ट्राध्यक्ष मार्सेलु रेबेलु द सौझा यांनी नकाराधिकार वापरला, तरी मार्चमध्ये संसदेने कायदा पुन्हा मंजूर केला. १२ ऑक्टोबरला तिथे अस्सेंब्लेयांसाठी मतदानही झालं. लिस्बनच्या २४ मात्र तशाच राहिल्या, त्यामुळे कास्तेलुच्या रहिवाशाला आजही सांता मारिया मायोरचीच झुंता.